वॉरक्राफ्ट ३ नव्याने खेळणाऱ्यांसाठी: सैन्य थोडं आहे, शिपाई जपा

लाकूडतोड्या:

मंडळी, गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली की वॉरक्राफ्ट ३ सुरू केलं, दोन-तीन मॅच खेळलो, सपाटून हरलो आणि आता वाटतंय की हे आपल्या बोटांना झेपणारं काम नाही, सोडून द्यावं का. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. सोडू नका. तुम्ही हरताय ते बोटं हळू आहेत म्हणून नाही, दुसऱ्या गेममधली सवय इथे घेऊन आलायत म्हणून.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मूळ गेम रेन ऑफ केऑस २००२ मधला, त्यावरचं एक्सपान्शन म्हणजे पुरवणी भाग द फ्रोझन थ्रोन २००३ मधलं, आणि २०२० मध्ये रिफोर्ज्ड ही नवी आवृत्ती आली ज्यात नवीन ग्राफिक्स आहेत पण जुन्या रूपात खेळायचीही सोय आहे. रेस म्हणजे लढणारे पक्ष चार आहेत, ह्यूमन, ऑर्क, अनडेड आणि नाइट एल्फ. बेस बांधायचा, सोनं आणि लाकूड गोळा करायचं, सैन्य तयार करायचं, समोरच्याच्या सगळ्या बिल्डिंगा पाडायच्या. इथवर बाकीच्या स्ट्रॅटेजी गेमसारखंच.

फरक इथून पुढे आहे. बहुतेक नवीन माणूस काय करतो, बेसमध्ये बसून राहतो, भराभर युनिट म्हणजे शिपाई काढत जातो आणि वीस मिनिटांनी मोठी फौज घेऊन निघतो. या गेममध्ये हे मुद्दाम अवघड करून ठेवलंय. प्रत्येक युनिट ठरावीक फूड खातं, त्या फूडची कमाल मर्यादा १०० आहे, आणि त्याच्या आधीच अपकीप म्हणजे सैन्य पोसायची कपात लागते. ५० फूडपर्यंत खाणीतून आणलेलं १० सोनं तुम्हाला १० च मिळतं. ५१ झालं की त्या १० चे ७ होतात आणि ८० च्या पुढे गेलात की फक्त ४. म्हणजे तुम्ही ९० फूडचं सैन्य घेऊन बेसमध्ये नुसते उभे आहात तेव्हा तुमच्या प्रत्येक फेरीतलं निम्म्याहून जास्त सोनं वाया चाललंय, आणि समोरचा ५० वर थांबून पूर्ण कमाई घेतोय.

आता हिशोब करून बघा. ५० फूडमध्ये साधारण १५ कामगार, हिरोचे म्हणजे सैन्याच्या नायकाचे ५, उरले ३०. फुटमन (ह्यूमनचा साधा शिपाई) २ फूड खातो म्हणजे १५ फुटमन, ग्रंट (ऑर्कचा साधा शिपाई) ३ खातो म्हणजे १० ग्रंट. बास. एवढंच सैन्य. एका वेळी सिलेक्टही १२ च युनिट होतात. त्यामुळे एक ग्रंट गेला तर २०० सोनं गेलं आणि वर सैन्याचा दहावा हिस्सा गेला, शिवाय तो मेल्यावर समोरच्या हिरोला एक्सपिरियन्स मिळाला तो वेगळाच. तोच ग्रंट लाल हेल्थवर मागे ओढलात तर समोरच्याने एवढा वेळ मारामारी करून काहीच कमावलं नाही. माझ्या मते अख्खा गेम या एका गोष्टीत आहे, शिपाई मरू द्यायचा नाही. बाकी बिल्ड ऑर्डर (कशानंतर काय बांधायचं तो क्रम) वगैरे हळूहळू येतात.

विचारा काय विचारायचं ते.

नवखा_बावीस:

दादा धन्यवाद, ते सोडून द्यावं का विचारणाऱ्यांतला मी एक. मला सुरुवातीलाच गोंधळ होतो. मॅच सुरू झाली की पाच कामगार उभे असतात आणि मला कळत नाही आधी काय बांधू, तोवर समोरच्याचा हिरो माझ्या दारात. ह्यूमन खेळतोय.

लाकूडतोड्या:

ह्यूमनचं सांगतो, हे एकदा समजलं की बाकी रेसचंही कळेल.

सुरुवातीला ५०० सोनं आणि १५० लाकूड असतं. ऑल्टर (इथून हिरो निघतो) १८० सोनं ५० लाकूड, बॅरॅक्स (इथून फुटमन निघतात) १६० सोनं ६० लाकूड, फार्म (याने फूड मिळतं) ८० सोनं २० लाकूड. बेरीज ४२० सोनं १३० लाकूड. वर एक पेझंट म्हणजे ह्यूमनचा कामगार ७५ चा. म्हणजे ५०० मधले ४९५ पहिल्याच मिनिटात कामाला लागले पाहिजेत. मॅच सुरू झाल्या झाल्या टाउन हॉलमधून, म्हणजे मुख्य बिल्डिंगमधून, नवीन पेझंट काढायला लावा, एक पेझंट ऑल्टरला, एक फार्मला, बाकीचे सोन्यावर, नवीन येईल तो सोन्यावर आणि खाणीवर ५ झाले की त्यापुढचे सगळे लाकडावर. खाणीवर ५ पेक्षा जास्त माणसं लावून काही उपयोग नाही, ती दारात रांग लावून उभी राहतात. फार्म झाला की तोच पेझंट बॅरॅक्सला घाला.

पहिल्या हिरोला सोनं लाकूड लागत नाही, ५ फूड तेवढं लागतं. म्हणून ऑल्टर सगळ्यात आधी. नवीन माणसं आधी बॅरॅक्स बांधून फुटमन काढत बसतात आणि हिरो चौथ्या मिनिटाला येतो, तिथेच मॅच हातातून जाते. हिरो हा इथे सगळ्याचा कणा आहे, तो १० लेव्हलपर्यंत वाढतो, ६ वस्तू बाळगतो, ६ व्या लेव्हलला त्याची सगळ्यात मोठी स्पेल म्हणजे जादू मिळते.

आणि हो, दारात हिरो आला की घाबरून कामगार पळवू नका. टाउन हॉलवर कॉल टू आर्म्स आहे, पेझंट ४५ सेकंदांसाठी मिलिशिया होऊन लढतात. एकटा हिरो समोर असेल तर सहा-सात मिलिशिया त्याला पुरे.

चांदणवेल:

मस्त धागा. मी नाइट एल्फ खेळते, वर्षानुवर्षं. मला एक वेगळं सुचवायचंय, नवीन लोकांनी थेट मॅच न खेळता आधी कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची गोष्टीची मिशनं, खेळावीत. ऑर्क नायक थ्रॉलच्या प्रोलॉगपासून सुरुवात होते, मग राजपुत्र आर्थसचं ह्यूमन कॅम्पेन, मग अनडेड, मग ऑर्क आणि शेवटी नाइट एल्फ. एकेका मिशनमध्ये एक-दोन नवीन युनिट ओळखीची होतात, त्यामुळे डोक्यावर ओझं येत नाही. शिवाय गोष्ट इतकी सुंदर आहे. आर्थसचं पुढे काय होतं ते मी फोडत नाही, पण स्ट्रॅथोमचं मिशन पहिल्यांदा खेळताना माझा हात माऊसवर थांबला होता, कारण समोर शत्रूचं सैन्य नाही, आपल्याच राज्यातली माणसं आहेत आणि गेम तुम्हाला सांगतोय की मॅलगॅनिस या खलनायकाच्या आधी तुम्ही त्यांतले १०० मारायचा आकडा गाठा. असं मिशन तुमच्याकडून करून घेणारा दुसरा गेम मी तरी खेळलेला नाही.

धूमकेतू:

चांदणवेलताई, गोष्टीबद्दल पूर्ण अनुमोदन पण शिकण्यासाठी कॅम्पेन आधी याला माझा विरोध आहे. कॅम्पेनमध्ये बेस सांभाळत बसायची सवय लागते, शत्रू ठरावीक वाटेने ठरावीक वेळाने येतो, आपण टॉवर उभे करतो आणि मोठी फौज जमवून मग निघतो. लाकूडतोड्या वर जी सवय मोडा म्हणतायत तीच सवय कॅम्पेन लावतं. माझं तेच झालं होतं, सगळं कॅम्पेन संपवून आलो आणि पहिल्या कित्येक मॅच सहा मिनिटांत हरलो कारण मला क्रीप (मॅपवर ठिकठिकाणी बसलेले, कोणाच्याच बाजूचे नसलेले प्राणी) मारायला बाहेर पडायचं असतं हेच माहीत नव्हतं.

चांदणवेल:

धूमकेतू, हे मान्य. पण कॅम्पेन न खेळता आलेला माणूस पहिल्याच मॅचमध्ये चाळीस वेगवेगळी युनिट बघून गेम बंद करतो त्याचं काय? मी दोन मैत्रिणींना शिकवलं, जिला थेट मॅचमध्ये टाकलं तिने दोन दिवसांत सोडलं, जिला कॅम्पेन दिलं ती अजून खेळते. आवड टिकली तर सवयी बदलता येतात.

लाकूडतोड्या:

दोघांचं खरं आहे. मी नवीन माणसाला प्रोलॉग आणि ह्यूमन कॅम्पेन एवढं खेळ म्हणतो, तेवढ्यात माऊस, स्पेल, हिरोच्या वस्तू अंगवळणी पडतात, मग इझी कॉम्प्युटरशी दहा-बारा मॅच. पुढचं कॅम्पेन संध्याकाळी निवांत चालू ठेवा. शेवटचं मिशन, ज्यात ४५ मिनिटं तळ टिकवून धरायचा आहे, ते तर घाईने खेळूच नका. आणि इन्सेन कॉम्प्युटरच्या नादी इतक्यात लागू नका, त्याला सोनं-लाकूड दुप्पट मिळतं, त्याच्याशी हरून काही शिकायला मिळत नाही.

ढालकरी:

क्रीपचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहितो कारण नवीन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

मिनीमॅपवर हिरवे, केशरी, लाल ठिपके दिसतात ते क्रीपचे तळ. हिरवा सोपा, लाल सगळ्यात अवघड. त्यांना मारून हिरोला एक्सपिरियन्स, थोडं सोनं आणि बऱ्याचदा वस्तू मिळते. मात्र हिरो ५ व्या लेव्हलला पोचला की क्रीपकडून एक्सपिरियन्स बंद, पुढचं समोरच्या खेळाडूकडूनच कमवावं लागतं.

आता एक हिरवा तळ कसा मारायचा ते नीट सांगतो. आर्कमेज (ह्यूमनचा जादूगार हिरो) आणि दोन फुटमन आहेत असं धरा. तळाच्या जरा अलीकडे थांबा. आर्कमेजने वॉटर एलिमेंटल म्हणजे जादूने बोलावलेला पाण्याचा प्राणी काढला, तो ६० सेकंद टिकतो. त्यालाच पुढे पाठवा, क्रीप त्याच्यावर तुटून पडतील. तो कसाही मिनिटभरात जाणारच आहे, मग मार त्यालाच खाऊ द्या. फुटमन बाजूने, आर्कमेज मागून. तिघांचा निशाणा एकाच क्रीपवर, सगळे मिळून एक संपवा मग दुसरा. मध्येच एखादा क्रीप वळून फुटमनवर येईल. फुटमनची हेल्थ ४२० असते, ती दीडशेच्या खाली आली की फक्त त्या एकाला सिलेक्ट करून मागे चार पावलं चालवा. क्रीप त्याचा नाद सोडून जवळच्या दुसऱ्यावर जातो. जखमी फुटमनला दोन-तीन सेकंदांनी परत मारायला लावा. तळ संपला, तुमचे दोन्ही फुटमन जिवंत, आर्कमेज दुसऱ्या लेव्हलच्या वाटेवर. हे एवढंच वीस वेळा करून बघा. ज्याला हे जमलं त्याला पुढे खऱ्या खेळाडूशी लढताना तीच हालचाल करायची असते.

अजून एक, स्क्रीनवर वर मध्ये घड्याळ आहे तिकडे लक्ष ठेवा. रात्री बरेचसे क्रीप झोपतात, शेजारून गेलं तरी उठत नाहीत, त्यामुळे स्काउटिंग म्हणजे टेहळणी रात्री सोपी.

चांदणवेल:

रात्र म्हणजे आमची वेळ! नाइट एल्फच्या मून वेल (जखमा भरणाऱ्या विहिरी) रात्रीच भरतात, आर्चर आणि हंट्रेस रात्री एका जागी उभ्या राहिल्या की दिसेनाशा होतात. विस्प म्हणजे आमचे कामगार झाड न तोडता लाकूड आणतात, त्यामुळे जंगल तसंच उभं राहतं. आणि झाडांच्या ज्या बिल्डिंगा आहेत त्या मुळं उपटून चालायला लागतात, मारामारीही करतात, झाडं खाऊन स्वतःची हेल्थ भरून काढतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मॅच विसरून नुसतं बघत बसले होते.

पाटीकोरी:

मी अजून गेम घेतला नाहीये, वाचतेय फक्त. कोणती रेस घ्यावी नवीन माणसाने?

धूमकेतू:

ऑर्क. डोळे झाकून ऑर्क. ग्रंटची हेल्थ ७००, चूक झाली तरी लगेच मरत नाही, आणि बेसवर हल्ला झाला तर पिऑन म्हणजे ऑर्कचे कामगार बरो नावाच्या बिल्डिंगमध्ये शिरून आतून भाले फेकतात.

ढालकरी:

ऑर्क चांगला पण मी ह्यूमन सांगेन, कारण त्यात सगळं थोडं थोडं आहे. अनडेड सुरुवातीला नको. दिसायला सोपा वाटतो, त्यांचा कामगार ॲकोलाइट बिल्डिंग नुसती बोलावतो आणि मोकळा होतो, पण त्यांच्या युनिटची हेल्थ फक्त ब्लाइटवर म्हणजे त्या काळ्या पडलेल्या जमिनीवर आपोआप भरते, बाहेर गेलं की डेथ नाइट या हिरोच्या कॉइल नावाच्या, जखमा भरणाऱ्या स्पेलवर सगळा भार. जमिनीचं आणि माना म्हणजे स्पेलसाठी लागणाऱ्या शक्तीचं भान लागतं.

लाकूडतोड्या:

पाटीकोरी, मी म्हणेन जी बघून मन रमेल ती घ्या. चारही रेस एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की ज्याला जिचा स्वभाव पटतो तिथेच तो शंभर मॅच टिकतो. मोठे खेळाडू बघितले तरी तेच दिसतं, ग्रबी आयुष्यभर ऑर्क, २००४ आणि २००८ ची वर्ल्ड सायबर गेम्स ही जागतिक स्पर्धा ऑर्कवर जिंकली. स्काय ह्यूमन, त्याने २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन जिंकली. आणि मून नाइट एल्फ, त्याचं खेळणं एवढं निराळं की लोक त्यालाच पाचवी रेस म्हणायला लागले. यांच्या जुन्या मॅच बघायला मिळाल्या तर बघा, पण सुरुवातीला त्यांची बिल्ड ऑर्डर न बघता जखमी युनिट कधी मागे घेतात तेवढंच बघा.

संथचाल:

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वय पन्नाशीच्या पुढे, हाताचा वेग कमी. की-बोर्ड शॉर्टकट शंभर सांगतात सगळे. मला किती शिकावे लागतील?

लाकूडतोड्या:

काका, पाच पुरेत. ए दाबून जमिनीवर क्लिक केलं की सैन्य वाटेतल्या शत्रूला मारत जातं, नुसतं राइट क्लिक केलंत तर मार खात चालत राहतं, नव्या माणसाचं अर्धं सैन्य या एका चुकीत जातं. कंट्रोल आणि १ ने सैन्याचा गट बांधायचा, मग १ दाबलं की सैन्य हातात. एफ१ ने पहिला हिरो. एफ८ ने रिकामा बसलेला कामगार. आणि शिफ्ट धरून कामगाराला एकामागून एक कामं सांगता येतात, फार्म बांध मग लाकडावर जा, म्हणजे परत परत बेसकडे बघावं लागत नाही. स्पेलची अक्षरं आपोआप लक्षात राहतील.

वेगाबद्दल मनापासून सांगतो, सैन्यच दहा-पंधरा युनिटचं असल्यामुळे वेळेवर घेतलेला निर्णय वेगाला भारी पडतो. तुम्ही खेळा.

ढालकरी:

+१. अजून एक बसल्या बसल्या शिकायची गोष्ट म्हणजे कोणता मार कोणाला लागतो. आर्चरचे बाण पिअर्सिंग प्रकारचे, ते ह्यूमनच्या उडणाऱ्या ग्रिफनला दुप्पट लागतात पण बिल्डिंगवर जेमतेम ३५ टक्के. मॅजिक अटॅक हेवी आर्मरला म्हणजे जड चिलखताला दुप्पट, म्हणजे फुटमन-ग्रंटची मोठी फळी समोर असेल तर कास्टर म्हणजे जादू करणारी युनिट काढा. बिल्डिंगसाठी सीज म्हणजे तोफांसारखी यंत्रं. युनिटवर क्लिक करून खाली तलवारीच्या आणि ढालीच्या चित्रावर माऊस नेला की सगळं लिहून येतं, पाठ करायची गरज नाही.

नवखा_बावीस:

परत आलो. सात मॅच खेळलो, सहा हरलो. पण एका हरलेल्या मॅचबद्दल विचारायचंय. सगळं सांगितल्यासारखं केलं, ऑल्टर आधी, आर्कमेज वेळेत आला, दोन हिरवे तळ एकही फुटमन न गमावता मारले!! तिसरा केशरी तळ मारत होतो, शेवटचा क्रीप उरला होता आणि कुठूनतरी ऑर्कचा हिरो ब्लेडमास्टर प्रकट झाला, क्रीप त्यानेच मारला, पडलेली वस्तू उचलली, मग आर्कमेजवर आला. मी सगळ्यांना घेऊन पळालो पण आर्कमेज मेला आणि मागून चार फुटमन. ब्लेडमास्टर एकदम तिसऱ्या लेव्हलवर.

लाकूडतोड्या:

याला क्रीपजॅक म्हणतात, ऑर्क खेळाडू हे मुद्दाम करतो. विंड वॉक या स्पेलने अदृश्य होऊन शेजारी येऊन उभा राहतो, तुमचे क्रीप अर्धमेले होईपर्यंत वाट बघतो. तुझ्याकडे टाउन पोर्टलचा स्क्रोल, म्हणजे बेसला परत नेणारी वस्तू, होता ना? पहिल्या हिरोला तो फुकट मिळतो.

नवखा_बावीस:

होता. आता रिप्ले म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग बघितलं तर दिसतोय, मरेपर्यंत खिशातच होता.

लाकूडतोड्या:

मग ती मॅच तिथे वाचली असती. स्क्रोल वापरला की हिरोच्या आसपासचं सैन्य त्याच्याबरोबर बेसला जातं. तो परत विकत घ्यायला ३५० सोनं लागतं म्हणून नवीन माणूस जपून ठेवतो, पण हिशोब बघ, चार फुटमनचेच ५४० झाले, वर आर्कमेज परत जिवंत करायचा खर्च आणि तो नसतानाचा वेळ, आणि ब्लेडमास्टरच्या दोन लेव्हल ज्या पैसे देऊनही परत घेता येत नाहीत. लढाई हरतोय असं वाटायला लागलं, आर्कमेजची हेल्थ निम्म्यावर आली की स्क्रोल. त्यापेक्षा उशीर नको.

पळताना अजून एक चूक झाली असणार. सगळ्यांना एकदम पळवलंस, फुटमन आर्कमेजच्या वाटेत आले असतील?

नवखा_बावीस:

हो! रिप्लेमध्ये अगदी तेच दिसतंय, दोन फुटमन त्याच्यापुढे आडवे चालतायत आणि तो त्यांच्यामागे अडकलाय.

ढालकरी:

आर्कमेज घोड्यावर आहे, फुटमनपेक्षा जोरात धावतो. त्याला आधी एकट्याला काढायचं, फुटमननी दोन सेकंद जागेवर उभं राहून ब्लेडमास्टरची वाट अडवायची, मग तेही मागे. एच दाबून जागेवर थांबवता येतात. आणि पुढच्या वेळी केशरी तळावर जाताना एक फुटमन ऑर्कच्या बेसकडून येणाऱ्या वाटेवर उभा करून ठेव. अदृश्य ब्लेडमास्टर त्याला दिसणार नाही पण बाकीचे ग्रंट मागून येत असतील ते दिसतील.

पाटीकोरी:

हे सगळं वाचून काल प्रोलॉग सुरू केला. थ्रॉलला स्वप्न पडतं तिथून पुढे दोन तास कसे गेले कळलं नाही. वर्ल्ड एडिटर म्हणून पण एक काहीतरी आलंय गेमसोबत, ते काय असतं?

धूमकेतू:

त्यात स्वतःचे मॅप बनवता येतात, आणि नुसती जमीन-झाडं नाही, नियमसुद्धा बदलता येतात. डोटा हा प्रसिद्ध गेम यातूनच जन्माला आला, वॉरक्राफ्ट ३ चा एक कस्टम मॅप म्हणून. टॉवर डिफेन्सचे, म्हणजे टॉवर बांधून येणारे शत्रू अडवायचे, कितीतरी मॅप आहेत. मॅच हरून डोकं शिणलं की मी तेच खेळतो. फ्रोझन थ्रोनमध्ये रेक्सार या हिरोचं ऑर्क कॅम्पेन आहे तेही बघा, त्यात बेस जवळजवळ नाहीच, हिरो घेऊन हिंडायचं.

नवखा_बावीस:

आत्ताच संपली, लिहिल्याशिवाय राहवत नाही. परत ऑर्क, परत ब्लेडमास्टर. केशरी तळावर तसाच आला. मी आर्कमेजला आधी काढलं, दोन फुटमनला एच केलं, एकाची हेल्थ ३८ राहिली होती तेव्हा मागे घेतला, मग स्क्रोल. सगळे घरी, एकही मेला नाही. तो ३८ वाला शेवटपर्यंत जिवंत होता, मॅच संपली तेव्हा ऑर्कच्या ग्रेट हॉलसमोर, म्हणजे त्यांच्या मुख्य बिल्डिंगसमोर, उभा होता. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

लाकूडतोड्या:

वा! रिप्ले टाक, पुढची मॅच सुरू करायच्या आधी नाव बदलून सेव्ह कर नाहीतर शेवटचा रिप्ले पुसला जातो. मला ग्रेट हॉलपर्यंत गेलास तेव्हा फूड किती होतं ते बघायचंय, ५० च्या आत होतास का?